चौऱ्याहत्तर गोळ्या परत

देवराव कापगते १४ मे रोजी सकाळी साडेदहाला दुर्गच्या एआरटी केंद्रात आला, तो गोळ्या घ्यायला नाही, परत करायला. एचआयव्हीच्या औषधाच्या तीन बाटल्या त्याने समुपदेशक गीतांजलीच्या टेबलावर ओळीने ठेवल्या. दोन सीलबंद होत्या, तिसरीत चौदा गोळ्या. सोबत एक कागद होता. मिळाल्या नव्वद, वापरल्या सोळा, शिल्लक चौऱ्याहत्तर. खाली सही आणि तारीख.

“उरलेला माल स्टोअरले जमा कराचा असते,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोनाच्या कामी येईन.”

गीतांजलीने कागद दोनदा वाचला. हा माणूस आठ वर्षं तिच्याकडे येत होता आणि त्याची एकही तारीख चुकली नव्हती. तिचे वडील नागपूरकडचे रेल्वे गार्ड, त्यामुळे देवराव तिच्याशी घरच्यासारखं बोलायचा. कधीपासून बंद आहेत, असं तिने विचारलं. दोन मार्चपासून, त्याने सांगितलं.

साकोलीजवळच्या गावी पुतण्याचं लग्न होतं. एका खोलीत बारा माणसं झोपणार, पिशव्या कोणीही उघडणार. बाटली कुणाच्या हाती लागली तर काय सांगायचं, म्हणून त्याने ती रिसालीच्या घरीच ठेवली. एक मार्चची गोळी सकाळी चहाआधी घेतली आणि तो गाडीत बसला. दहा दिवसांनी परतला तेव्हा त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, वजन उलट किलोभर वाढलं होतं. कपाटात तीन वर्षांचे रिपोर्ट होते. तिन्हींवर एकच ओळ: विषाणू आढळला नाही.

देवराव चोपन्न वर्षांचा, पोलादाच्या प्लांटमध्ये गॅस सेफ्टीला. भट्टीचा विषारी गॅस वाहून नेणाऱ्या पाइपात कुणाला काम करायचं असेल, तर आधी गॅस तोडायचा, मग नायट्रोजन सोडून पाइप धुवायचा, मग मीटर लावायचा. मीटरवर शून्य आलं की मास्क काढायची परवानगी देवराव द्यायचा. काम संपलं की परमिट बंद व्हायचं. त्यावर दोन सह्या लागत, एक देवरावची आणि दुसरी पाइपात उतरलेल्या माणसाची. एकोणतीस वर्षांत त्याच्या परमिटवर माणूस गेला नव्हता.

“तीन साल शून्य येऊन राहिलं,” तो गीतांजलीला म्हणाला. “मंग मास्क कावून लावून ठेवाचा?”

तिने कोऱ्या कागदावर एक गोल काढला. ही सीडी-फोर पेशी, तिने सांगितलं. शरीराच्या पहाऱ्यातली मुकादम. जंतू दिसला की बाकीच्या पेशींना कामाला लावते. एचआयव्ही नेमका तिच्याच अंगावरची कडी धरून आत शिरतो. आत गेल्यावर आपल्या मजकुराची नक्कल पेशीला वाचता येईल अशी करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत घुसवतो. मग मुकादम आपलं काम सोडून त्याचं काम करते. नवे विषाणू तयार करून बाहेर सोडते आणि त्यातच मरते. गोळी नव्या पेशीत ही नक्कल होऊ देत नाही, घुसवू देत नाही. आधी घुसलेलं मात्र ती बाहेर काढू शकत नाही.

गोलाच्या बाजूला तिने दुसरा, लहान गोल काढला. काही पेशी झोपलेल्या असतात. जुन्या आजाराची ओळख सांभाळत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांच्या डीएनएतही ती नक्कल असते. झोपेत त्या काहीच बनवत नाहीत, म्हणून औषधाला सापडत नाहीत. तपासणी बघते रक्तात फिरणारा विषाणू, म्हणून तपासणीलाही त्या दिसत नाहीत. त्यातली एखादी रोज कुठेतरी जागी होते. गोळी असेल तर तिचा माल पुढच्या पेशीत जात नाही. गोळी नसेल तर दोन-तीन आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तभर.

देवराव लहान गोलाकडे बघत राहिला.

“डेड एंड,” तो म्हणाला. मग त्याने तिला समजावून सांगितलं, जणू समजून घ्यायची गरज तिला होती. मुख्य लाइन धुतली तरी जी शाखा पुढे बंद असते तिच्यात गॅस अडकून राहतो. मुख्य लाइनवर मीटर शून्यच दाखवतो. म्हणून त्या शाखेच्या तोंडाशी लोखंडी प्लेट ठोकायची, आणि काम चालू आहे तोवर ती काढायची नाही. “नव्या पोराईले हे मीच शिकवतो,” तो म्हणाला.

गीतांजलीने पेन खाली ठेवलं. “काका, काकूंना माहीत आहे का, गोळी बंद केल्याचं?”

त्याच्या बायकोला, रंभाला, आजार माहीत होता. तो कुठून आला हे देवरावने तिला एकदाच सांगितलं होतं आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तिची तपासणी दर वर्षी निगेटिव्ह यायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं होतं की विषाणू दबलेला असेल तर नवऱ्याकडून बायकोला लागण होत नाही, गोळी चालू आहे तोवर. तेव्हापासून त्यांनी निरोध वापरायचं सोडलं होतं. गोळी बंद केल्यावर देवरावने ते पुन्हा सुरू केलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने लाइन साफ होती.

गीतांजलीचा पुढचा प्रश्न होता, काकूंना मधल्या काळात ताप आला होता का.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला होता. पाच दिवस ताप, घसा लाल, मानेला गाठी, छातीवर पुरळ. ऊन लागलं असं दोघांनी ठरवलं. देवरावने स्वतः कैऱ्या उकडून पन्हं केलं होतं, दोन दिवस सुट्टी टाकून.

गीतांजलीने त्याचं रक्त घ्यायला सांगितलं, उद्या काकूंना घेऊन या म्हणाली, आणि तीन बाटल्या उचलून त्याच्याच पिशवीत ठेवल्या. आजची गोळी त्याने तिच्यासमोर घेतली.

रिसालीला पोचला तेव्हा रंभा पापडाचं पीठ मळत होती. तो उंबऱ्याजवळ उभा राहूनच सगळं बोलला. लग्न, दहा दिवस, रिपोर्ट, झोपलेल्या पेशी, एप्रिलचा ताप. रंभाचे हात पिठात थांबले. मग तिने हळू आवाजात विचारलं.

“परमिट बंद कराले किती सह्या लागते?”

“दोन.”

“आतमंधी मी होती ना. माही सही कुठी घेतली?”

तिने पीठ पुन्हा मळायला घेतलं, कारण ते वाळत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात रंभाच्या रक्ताची तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी झाली. तिन्हींवर दोन रेषा उमटल्या. त्याच आठवड्यात देवरावचेही आकडे आले. मुकादम पेशी सहाशे बारावरून तीनशे नव्वदवर उतरल्या होत्या, आणि जिथे तीन वर्षं काही आढळलं नव्हतं तिथे एका मिलिलिटर रक्तात हजारोंनी विषाणू होते.

रंभाने गीतांजलीला एवढंच विचारलं, “मले बी जलमभर?” गीतांजली हो म्हणाली. लवकर सुरू केली तर तब्येत नीट राहते, असंही तिने सांगितलं, आणि ते खरं होतं. रंभाने मान हलवली. तिला नव्या बाटल्या मिळाल्या.

दोघांच्या बाटल्या तिने लोखंडी पेटीत ठेवल्या आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. रोज सकाळी चहाआधी ती पेटी उघडते, त्याच्या तळहातावर एक गोळी ठेवते, तो गिळेपर्यंत उभी राहते, मग आपली घेते. दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत तो सही करतो. खाली ती करते. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, तिला सहीला वेळ लागतो. तोवर चहा उकळत राहतो आणि देवराव पेन परत घ्यायला थांबलेला असतो.

नोव्हेंबरात त्याचा नवा रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही. त्याने तो सकाळी चहाआधी रंभापुढे धरला. तिने न वाचताच त्याची घडी केली, तो पेटीत बाटलीखाली सारला, आणि दुसरा हात पुढे केला. तळव्यावर गोळी होती.