ब्रोमिनचं पाणी तांबडंच राहिलं

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू आहे. बूड गोल, मान उंच. त्यामुळे स्वतःच्या पायावर मी कधी उभा राहिलोच नाही. मुंबईहून भुशात गुंडाळून मला शिरूरच्या एका मिशन शाळेत आणलं.

तिथले बन्यामीन मास्तर मुलांना सांगत, "पदार्थ तेच दोन, पण विरघळवता कशात, त्यावर सगळं. हे इथिल ब्रोमाइड आणि कॉस्टिक पोटॅश पाण्यात तापवलं, तर पोटॅश ब्रोमिनला हुसकून त्याच्या जागी बसतं. स्पिरिटात, म्हणजे मद्यार्कात, तापवा, तर ते हायड्रोजन ओढून घेतं आणि वायू सुटतो!" तो वायू ब्रोमिनच्या तांबड्या पाण्यात सोडला की रंग उडे. पोरं आ वासून बघत. काय अभिमान वाटायचा मला!

त्या साली शास्त्राचा वरचा वर्ग मंजूर करायला शाळा तपासणारे साहेब येणार होते; त्यांना हाच प्रयोग दाखवायचा होता. वर्ग मिळाला तरच मास्तरांची मुलगी दबोरा शास्त्र शिकणार होती. एकट्या मुलीला पुण्याला कोण धाडतो?

दारूबंदीचे दिवस. परवान्यावर स्पिरिटची एकच बाटली मिळाली होती. शाळेच्या कपाटाला कुलूप नव्हतं, म्हणून मास्तरांनी तिला आणि मला घरच्या ट्रंकेत कोटाखाली लपवलं. घरात कुणाला सांगितलं नाही.

त्यांच्या बायकोला, साराबाईंना, ती सापडली. बिचारीनं बूच काढून हुंगलं. तिच्या बापाला दारूनंच नेलं होतं. "देवा, ह्यांना बी लागली व्हय?" म्हणत तिनं वास राहील एवढं ठेवलं, बाकीचं मोरीत ओतलं आणि बाटली पाण्यानं भरली. मला ओरडावंसं वाटलं, पण काचेला वाचा कुठली!

साहेब आले. दिवा पेटला. माझ्या पोटातली हवा बुडबुडून गेली, पुढं काही नाही. मास्तर ज्योत वाढवत होते, घाम पुसत होते. पाणी तांबडं ते तांबडंच. साहेब उठून गेले. दबोरा दारात उभी होती. आवराआवरीत मी निसटलो आणि माझी मान तडकली.

घरी साराबाईंनी स्वतःच सांगून टाकलं.

"अगं, मला विचारायचंस तरी!" मास्तर म्हणाले.

"विचारलं असतं, आन् तुम्ही व्हय म्हनला असता तर?"



वर्ग आला नाही. दबोराला शिवण शिकायला दौंडला मावशीकडं धाडलं. मित्रांनो, आम्हाला जपून हाताळा, हे तर आहेच. पण एखादी वस्तू जपायला लपवाल, तर ती कशासाठी आहे, हे घरच्या माणसाला सांगून ठेवा.

दबोरा सुट्टीला आली की मला फडक्यानं पुसते. तडकलेला चंबू आता कशाच्याच कामाचा नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी पुसते.