हुंकारा

त्या आठवड्यात शीलाचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो एका टेलिफोनसाठी. गुरुवारी दुपारी दिग्रसच्या बसस्थानकासमोर बाबुलाल राठोडच्या एसटीडी बूथवर तिला नागपूरहून फोन येणार होता. फोन करणारी बाई परदेशी असून कापूस पिकवणाऱ्या बायकांचे म्हणणे ऐकून ती त्यावर पुस्तक लिहिणार होती. गावोगाव सोबत हिंडण्यासाठी तिला येथलीच एखादी दुभाषी मुलगी हवी होती. फोनवर बाई इंग्रजीत काही सांगेल, ते शीलाने ध्यान देऊन ऐकावे व पुन्हा आपल्या शब्दांत सांगावे, अशी परीक्षा ठरली होती. शीला बी. ए. झाली होती हे खरे. परंतु इंग्रजी तिने वाचले होते, लिहिले होते. तिच्याशी इंग्रजीत बोलणारे माणूस तिच्या वाट्याला कधी आले नव्हते.

काम तर हवेच होते. कापसाने पाठ फिरवल्यापासून तिचे वडील मारोती दिग्रसच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, राबत, तेथील यंत्रे थंडावली होती. भोंगा बंद होऊन वर्ष लोटले, तरी ते पहाटे भोंग्याच्या वेळेला दचकून उठत आणि अंगणात नुसते उभे राहत. परंतु शीलाच्या मनाला लागलेली गोष्ट निराळीच होती.

मागल्या हिवाळ्यात हीच बाई त्यांच्या गावी येऊन गेली होती. सोबत शहरातून आणलेला एक दुभाषा होता. शेजारची रुपीबाई, जिचा नवरा त्याच साली गेला होता, ओट्यावर बसून त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलली. "माणूस कसा गेला ते समदे इचारते. मी कशी जगून राह्यली ते काहून नाही इचारत कोणी? वावर मीच पाहून राह्यली, सरकी मीच टोबून राह्यली. मले रडतानीचा फोटो नोको. मले वावरात उभी करा अन् मंग काढा फोटो!" असे ती तावातावाने म्हणाली. दुभाष्याने घड्याळाकडे पाहिले आणि बाईला सांगितले, "शी इज व्हेरी सॅड."

एवढे इंग्रजी शीलाला कळत होते. ते चूक आहे हेही कळत होते. परंतु बरोबर काय ते सांगायला तिची जीभ उचलली नाही. भरल्या विहिरीतून कोणी चूळभर पाणी काढावे आणि विहीर एवढीच आहे म्हणून सांगावे, तसे तिला वाटले. त्या दिवसापासून रुपीबाईच्या डोळ्याला डोळा भिडवणे तिला जड जाऊ लागले.

म्हणून ती अनंत सरांकडे गेली. अनंत सर दिग्रसच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पुतण्यासाठी एके काळी मागवलेल्या इंग्रजी संभाषणाच्या कॅसेटी त्यांनी कपाटात जिवापाड जपून ठेवल्या होत्या. पुतण्या इंग्रजी न शिकताच ठेकेदार झाला. कॅसेटी मात्र कोऱ्याच्या कोऱ्या राहिल्या. शीला रोज सकाळच्या एसटीने येई, सरांच्या ओसरीवर टेपरेकॉर्डरसमोर बसे, आणि टेपमधील बाई मंजुळ आवाजात विचारी, "वुड यू लाइक सम टी?"

"नो, थँक यू," शीला म्हणे.

"अगं, इंग्रजीत नको म्हटलंस तरी चहा मराठीतच आहे. घे मुकाट्यानं," असे म्हणत सरांच्या पत्नी कुंदाताई कप पुढे ठेवीत.

पहिल्याच दिवशी मात्र एक अडचण उभी राहिली. टेपमधील बाई रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या पेटीची हकीकत सांगू लागली की शीला प्रत्येक वाक्यामागे "हूं" म्हणे. ती खोड तिची एकटीची नव्हती. तिच्या गावी कापूस वेचताना बायका आपापल्या ओळीत असतात. कापसाची पऱ्हाटी उंच वाढली म्हणजे एकीला दुसरी दिसत नाही. अशा वेळी एक जण गोष्ट सांगते आणि पऱ्हाटीपलीकडून दुसरी हुंकारा देते: "हूं… हाव… मंग?" हुंकारा थांबला की सांगणारी समजते, आपली सोबतीण दूर गेली, आणि गोष्ट तिथेच थांबते. शीला लहानपणापासून आईच्या मागे वेचणीला गेलेली. ऐकणे म्हणजे हुंकारा देणे, हे तिच्या हाडीमाशी भिनलेले होते.

अनंत सरांनी टेप थांबवली. "हे काय चाललंय?"

"ऐकून राह्यली ना जी, सर."

"ऐकणं कानांनी करायचं असतं, तोंडानं नव्हे. तू हूं म्हणतेस तेवढ्यात पुढचा शब्द निसटतो. आणि ती काय तुझी मैत्रीण आहे, हुंकारा दिला नाही तर रुसायला?"

"कीर्तनाला बसल्यासारखी माना डोलावते पोरगी," कुंदाताई आतून हसल्या.

शीला ओशाळली. सरांचे म्हणणे रास्त होते, कारण शब्द खरोखरच निसटत होते. तिने मनाशी निर्धार केला आणि ओठ घट्ट मिटून ऐकण्याचा सराव आरंभिला. हुंकारा वर आला की ती पदराचे टोक दातांत धरी. हळूहळू पेटीचा रंग कोणता, गाडी कोठे जाणारी, हमालाने काय विचारले, हे सर्व ती अचूक सांगू लागली. सर प्रसन्न झाले. घरी मारोती मात्र म्हणाले, "काय वो शीले, घरातही मुकी झालीस का? मी इकडं बोलून राह्यलो अन् तू भिंतीवानी उभी!"

"सराव करून राह्यली, बाबा."

"कोणचा? भिंत व्हायचा?"

गुरुवार उजाडला. सोबतीला अनंत सर स्वतः आले. बाजाराचा दिवस; बसस्थानकावर गर्दी, कंडक्टरांचा पुसद-यवतमाळचा पुकारा, रसवंतीच्या घुंगरांचा खुळखुळाट. बाबुलालने काचेची केबिन तिच्यासाठी राखून ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बजावले, "इंग्लिश फोन येऊन राह्यला आहे. गडबड नाही पाह्यजे." मग तो गल्ल्यावरच्या दुसऱ्या फोनशी जाऊन बसला. सर केबिनबाहेर उभे राहिले, जणू शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभे आहेत.

घंटी वाजली. शीलाने रिसीव्हर उचलला.

बाईचा आवाज टेपमधील बाईसारखा मंजुळ नव्हता. तो जाडसर होता, भरभर धावत होता, मधेच खोकत होता. तरी प्रारंभ निभावला. कशी आहेस, जेवलीस का, किती दुरून आलीस, या प्रश्नांची उत्तरे शीलाने दिली. एकही शब्द अडला नाही. मग बाई म्हणाली की आता मी माझ्या गावची एक हकीकत सांगते, ती ऐक. शीलाने ओठ मिटले, डोळे मिटले आणि कान उघडले.

बाई दोन वाक्ये बोलली आणि थांबली. "हॅलो? आर यू देअर?"

"येस, मॅडम."

बाई पुढे बोलू लागली. पुन्हा थांबली. "हॅलो? कॅन यू हिअर मी?"

"येस! येस, मॅडम!"

तिसऱ्यांदाही तेच घडले. दर खेपेला हकिकतीचा धागा तुटे. आपले काय चुकते आहे, हे तिला उमजेना. ती तर प्राण कानांत आणून ऐकत होती! टेपमधील बाई कधीच अशी अडखळली नव्हती. शेवटी पलीकडून एक उसासा आला. लाइन खराब दिसते, बाई म्हणाली. तू वारंवार गायब होतेस. कदाचित आज राहू द्यावे.

राहू द्यावे! हे शब्द शीलाला असे स्वच्छ कळले की ते न कळते तर बरे, असे वाटावे. आज राहिले की राहिलेच. मग पुन्हा शहरातून कोणी येईल, पुन्हा घड्याळ पाहील.

तिने घाबरून काचेबाहेर पाहिले. अनंत सर बोट ओठांवर ठेवून खूण करीत होते: शांत राहा, ऐक. आणि त्यांच्या मागे बाबुलाल दुसऱ्या फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होता. बोलत कसला, नुसता ऐकत होता. तो बंजारा असल्याने मधूनच पडणारा एखादा शब्द गोरबोलीतला होता, त्यातले शीलाला ओ की ठो कळत नव्हते. परंतु केबिनच्या फटीतून येत होते ते ओळखीचे होते: "हूं… हूं… हां… हूं."

शीलाला क्षणात उंच पऱ्हाटी दिसली. पलीकडची बाई दिसत नाही. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. परदेशी बाईही पऱ्हाटीपलीकडेच उभी होती!

"मॅडम," ती घाईने म्हणाली, "आय ॲम हिअर. प्लीज टेल."

बाई काहीशा अनिच्छेने पुन्हा बोलू लागली. तिच्या गावी लोकरीची एक गिरणी होती.

"हूं," शीला म्हणाली.

आजोबा तेथे काम करीत. गिरणीचा भोंगा झाला की अख्खे गाव उठे.

"हूं."

बाईचा आवाज सैल झाला. ती थांबली नाही. शीलाने दिलेला प्रत्येक हुंकारा तिला जणू हात धरून पुढच्या पायरीवर नेत होता. एखादा शब्द निसटला, जसे सरांनी सांगितले होते. पण मागचापुढचा शब्द त्याला धरून आणत होता. मग गिरणी बंद पडली, बाई म्हणाली.

"देन?" शीलाच्या तोंडून आपसूक निघाले. परीक्षा सुरू आहे हे ती विसरून गेली होती.

मग भोंगा नसला तरी आजोबा त्याच वेळी उठत, आणि खिडकीशी उभे राहत.

यावेळचा हुंकारा बारीक निघाला, तरी तो पलीकडे पोहोचला असावा. कारण बाईचा आवाजही खाली आला. मग ती म्हणाली, आता तू सांग.

शीलाने सांगितले. व्याकरण ठेचकाळत होते, काळ मागेपुढे होत होते. एक शब्द मला कळला नाही, असे तिने मधेच कबूल केले. परंतु तो गिरणीचा मोठा आवाज असावा, कारण आमच्या दिग्रसलाही तो होता, आणि माझे वडील अजून त्या वेळी उठतात. ते सुद्धा अंगणात उभे राहतात.

"म्म," पलीकडून आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, "म्म-हं."

तिचाही हुंकारा होता तो! थोडा वेगळा, नाकातला, पण हुंकाराच.

बाईने तिला सोमवारी यवतमाळला बोलावले. तूर्त एका आठवड्याचे काम, पुढचे पुढे पाहू, असे तिने स्पष्ट केले. फोन ठेवण्याआधी शीलाने धीर एकवटून एक मागणे मागितले: सर्वांत आधी माझ्या गावी, रुपीबाईकडे. मागच्या वेळी तिचे बोलणे पुरे सांगितले गेले नव्हते.

केबिनचे दार उघडून ती बाहेर आली. अनंत सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? नीट सांग."

ती सांगू लागली. लाइन कशी तुटल्यासारखी झाली, बाई राहू द्या कशी म्हणाली. सर कान टवकारून, ओठ मिटून, श्वास रोखून ऐकत होते. दोन वाक्ये झाली आणि शीला अडखळून थांबली.

"अगं, पुढं काय? थांबलीस का?"

शीला कित्येक दिवसांनी प्रथमच हसली.

"सर, हुंकारा द्या ना जी. त्याच्याबिगर मले पुढचं सांगताच येऊन नाही राह्यलं."

सर गोंधळले. त्यांनी बाबुलालकडे पाहिले, इकडेतिकडे पाहिले, घसा खाकरला, आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, "हूं."

"मंग," शीला म्हणाली, "म्या काचेतून बाहेर पाह्यलं…"