रिकामा खण

"आई, हॉलमधे एक भिंत घालायची म्हणतोय," सोमनाथ जेवताना म्हणाला आणि दगडाबाईंचा घास हातातच राहिला. वेरूळकडच्या त्यांच्या गावात घरात भिंत उठली म्हणजे भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या. इथं पुंडलिकनगरात तर भाऊच नव्हता. एक लेक, एक सून. मग वेगळं कुणाला काढणार, हे विचारायलाच नको.

विचारलंही नाही त्यांनी. रुसायचं ते मनातल्या मनात, हा त्यांचा जुना खाक्या.

गयास मिस्त्री आला. "विटांचं वजन फरशीवर लई येतं, अम्मा. पत्र्याची चौकट उभी करतो, दोन्हीकडून बोर्ड मारतो." उभ्या पट्ट्या लागल्या तसे भिंतीला खण पडले. एका बाजूचे बोर्ड बसल्यावर त्या खणांत तो पिवळी लोकर कोंबू लागला. "ही भरली की इकडचा आवाज तिकडं जात नाय."

आता मात्र दगडाबाईंचं डोकं फिरलं. सून तनुजा शेंद्र्याच्या कंपनीत रातपाळी करून दिवसा झोपायची. तिची झोपमोड नको म्हणून या माउलीनं रेडिओ कपाटात टाकला होता, लसणाची चटणी कुटायला खलबत्ता घेऊन त्या जिन्यात बसत होत्या. एवढं करूनही आपला आवाज नको झाला?

"भर बाबा भर," त्या म्हणाल्या. "मला कोंडूनच टाक."

तनुजा जागी होऊन दारात उभी होती. "आत्या, तुमी जिन्यात बसून कुटता, हे मला शेजारच्या बिल्किसभाभींकडून कळावं व्हय? कंबर धरती म्हणून बाम चोळून घेता, पण कशानं ते सांगत नाय. तुमाला आत बसून कुटता यावं, रेडिओ लावता यावा म्हणून तर ही भिंत."

दगडाबाईंना लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. "मला वाटलं, वेगळं काढताय."

"मग चटणी कोण देईल?" तनुजा हसत चहा टाकायला गेली.

ती गेल्यावर दगडाबाई हळूच मिस्त्रीला म्हणाल्या, "माझ्या उशाकडचा एक खण तेवढा रिकामा ठेव. पोरगी घोरायला लागली की मग माझा जीव थाऱ्यावर येतो."

गयास हसला. "तो रिकामाच ठेवायचाय, अम्मा. सूनबाई आधीच बोलली. तुमी हाक मारली तर ऐकू आली पायजे म्हणे."

दगडाबाईंनी ट्रंकेच्या तळातून एक हिरवा खण काढला. लग्नात सुनेची ओटी भरायला हौसेनं घेतलेला. पण विधवेनं ओटी भरू नये म्हणून जावेनं ऐनवेळी त्यांना मागं सारलं होतं. खणात हळकुंड आणि सुपारी बांधून त्यांनी तो भिंतीच्या रिकाम्या खणात ठेवला.

"हे काय, अम्मा?"

"सुनेची ओटी हाय. लाव तुझा बोर्ड."

गयासनं बोर्ड लावला आणि स्क्रू अगदी सावकाश आवळले.

दुसऱ्या दिवशी तनुजा पाळीवरून येऊन झोपली. दगडाबाई नव्या खोलीत लसूण सोलून बसून राहिल्या. भिंतीपलीकडून बारीक घोरणं सुरू झालं, तेव्हा कुठं त्यांनी खलबत्ता जवळ ओढला.