बाह्या दुमडलेला कोट

"डॉक्टर येऊ देत. आम्हाला काही घाई नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या डाव्या हाताला गुंडाळलेल्या टॉवेलातून रक्त फरशीवर ठिबकत होतं, पण मास्तरांना घाई नव्हती.

"तुम्हाला नसेल, मला आहे," त्यांची बायको म्हणाली. "सिस्टर, टेबलावरून कापायची मोठी कात्री घसरली. माणूस काय करेल? पाय मागे घेईल. यांनी झेलली! धार जाईल म्हणे."

"पडलेली कात्री पुन्हा तशी चालत नाही," मास्तर म्हणाले. सगळा जन्म कपडे शिवण्यात गेलेला माणूस. त्यांना बोलण्यापेक्षा कात्री चालवणं सोपं जाई.

मास्तरांची बायको जिला सिस्टर म्हणाली ती बाई खरं तर आज सकाळपासून नुसती सिस्टर राहिली नव्हती. पण सवयीने आपणही सिस्टरच म्हणू. वॉर्डात केस पिकले, आणि पिकल्या केसांनी त्या पुन्हा वर्गात जाऊन बसल्या. परीक्षा दिल्या. आता रुग्ण तपासायचा, निदान करायचं, औषध लिहायचं, टाके घालायचे आणि कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवायचं, हे सगळं त्यांचं काम होतं. दारावर 'प्रगत परिचारिका' अशी नवीकोरी पाटी लागली होती.

पाटी वाचून सकाळपासून लोक आत डोकावत आणि "डॉक्टर नाहीत वाटतं" असं पुटपुटत निघून जात. "डॉक्टर नाही, सिस्टर नाही. तुला आता हाक तरी काय मारायची?" असं नवऱ्यानेही निघताना चिडवलं होतं. तेव्हा त्या हसल्या होत्या, पण दुपारपर्यंत ते हसू पार मावळलं. त्यात मिळालेला पांढरा कोट कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा. बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटांवर यायच्या. मास्तरही उठून गेले असते, तर उद्या या खुर्चीत बसायचं कोणत्या तोंडाने?

"निदान बघू तर द्या," सिस्टर म्हणाल्या.

टॉवेल सुटला. अंगठ्याच्या बुडाशी खोल चीर होती. सिस्टरांनी ती दाबून धरली आणि रक्त थांबल्यावर म्हणाल्या, "डोळे मिटा. मी कुठे हात लावतेय ते सांगा."

"या अंगाला. आता त्या अंगाला. टोकाला."

"अंगठा वाकवा. मी सरळ करायला बघणार, तुम्ही करू द्यायचा नाही."

मास्तरांनी तोंड वेडंवाकडं केलं, पण अंगठा हटला नाही.

"अंगठा गेला तर कापड धरायचं कशानं, हो?" त्यांच्या बायकोने विचारलं. तिचा आवाज आता अगदी लहान झाला होता.

"डॉक्टरांना विचारून सांगते," सिस्टर म्हणाल्या.

उभा जन्म त्यांनी हे वाक्य म्हटलं होतं. ते आपोआप तोंडून निघालं आणि हात आपोआप फोनकडे गेला. पलीकडे शस्त्रक्रियागृहातली सहकारी होती. "सर ऑपरेशनमध्ये आहेत. काय विचारू?"

खरंच, काय विचारायचं? स्पर्श कळत होता, म्हणजे नस शाबूत होती. अंगठा जोर धरत होता, म्हणजे तो वाकवणारी आतली दोरीही शाबूत. अडलं असतं तर त्यांनी दहादा विचारलं असतं, त्यात लाज कसली! पण अडलंच नव्हतं.

"काही नाही. विचारायचं काहीच नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"मास्तर, अंगठा वाचलाय. टाके घालावे लागतील, आणि ते मी घालणार."

"तुम्ही?"

"मी."

मास्तरांनी जरा विचार केला. "पण मी बघणार. तोंड फिरवणार नाही."

"खुशाल बघा. हात तेवढा हलवू नका."

सिस्टरांनी भूल दिली, जखम धुतली, आत नीट पाहून घेतलं आणि सुई उचलली. परीक्षेलाही इतकं बारीक बघणारं कुणी समोर बसलं नव्हतं.

"दर टाक्याला गाठ?" मास्तर म्हणाले.

"एक सुटला तरी बाकीचे धरून राहतात."

"हं. हा सैल वाटतो."

"मुद्दाम ठेवलाय. उद्या सूज येईल. आवळला तर कातडी मरते."

मास्तरांचा चेहरा एकदम खुलला. "आटणाऱ्या कापडाला आम्हीही ढील ठेवतो!"

"झालं! आता दुकान इथेच मांडा," बायको म्हणाली.

शेवटची गाठ बसली. मास्तरांनी हात उजेडात धरला, डोळे बारीक केले. "अंतर सारखं आलंय."

"ऐकलंत का, सिस्टर? माझ्या स्वयंपाकाला आजवर एवढं म्हटलं नाही यांनी!"

टाके काढायला मास्तर बायकोला घेऊन अगदी सांगितलेल्या दिवशी आले. दारात खुद्द डॉक्टर भेटले. "या, मी मोकळा आहे, काढून देतो."

"राहू द्या, साहेब. ज्यांनी घातले त्याच काढतील."

डॉक्टरांनी अंगठा निरखला, सिस्टरांकडे पाहून मान डोलावली आणि हसत पुढे गेले. सिस्टरांना इतका आनंद झाला की चिमटा शोधायला त्यांना उगाच वेळ लागला.

टाके निघाले. मास्तरांनी अंगठा चारदा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "तो कोट द्या जरा."

"अहो, कशाला?"

"जखमेपेक्षा त्या बाह्यांनी माझा जीव खाल्ला. उद्या आणून देतो."

"द्या हो, नाहीतर घरात मला सुखाने जगू द्यायचे नाहीत," बायको म्हणाली.

सिस्टर कोट उतरवून उभ्या राहिल्या. मास्तरांनी खिशातून टेप काढली. तिचं टोक त्यांनी सिस्टरांच्या खांद्यावर डाव्या अंगठ्याने घट्ट दाबून धरलं आणि उजव्या हाताने टेप मनगटापर्यंत नेली. टोक जराही सरकलं नाही. खांद्यावरचा तो दाब सिस्टरांना मास्तर गेल्यावरही जाणवत राहिला.

दारात एक बाई उभी होती, कडेवर तापलेलं पोर. तिने पाटी वाचली, मग आत बघितलं. साध्या घरच्या कपड्यातली एक बाई खुर्चीत बसलेली.

"डॉक्टर..."

"या, बसा," सिस्टर म्हणाल्या. "मी बघते."

बाई आत आली आणि तिने पोर त्यांच्या हातात दिलं.