निरोपाचे ‘येतो’

मित्रांनो, मी एक जुनी पुठ्ठ्याची फाईल आहे. माझा रंग पूर्वी निळा होता, हे सांगितल्यावाचून आता कोणाच्या ध्यानात येणार नाही. एका बाइंडरने खळ लावून माझ्या पाठीवर कापड चिकटवले, दोन भोके पाडली, नाडी ओवली आणि मला जगात धाडले.

माझे मालक बॉयलर चालवतात. त्यांची शाळा सातवीतच सुटली. परंतु पुढे त्यांनी बॉयलरची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. त्याच दिवशी त्यांनी मला विकत घेतले. प्रमाणपत्र माझ्या पोटात ठेवताना त्यांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले होते. त्या प्रमाणपत्राचा अर्थ असा, की वाफेचा बॉयलर या मनुष्याच्या नजरेखाली चालवण्यास हरकत नाही. बॉयलरला एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तीत दिसते. पाणी उतरले आणि पाहणारा जागेवर नसला, तर काय होते ते मी मुलांना सांगणार नाही.

मालकांनी एका साबणाच्या कारखान्यात सोळा वर्षे ती नळी पाहिली. एकदा तपासणीस आलेल्या साहेबांनी मला उघडून, “कागद असे ठेवावेत!” असे उद्गार काढले. तो माझ्या आयुष्यातील परमोच्च क्षण होय. त्यानंतर मी कपाटावर गेले. माझ्यावर ट्रंक आली, ट्रंकेवर गादी आली. मला त्याचे दुःख नव्हते. ज्या घरी नोकरी सुखाने चालू असते, त्या घरी फाईल कोण उघडतो?

मग साबणाचा कारखाना बंद पडला.

मित्रांनो, ते अकरा महिने वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. आणि वास्तविक मला लेखणी नाहीच. मालकांच्या काखेत बसून मी किती कारखान्यांची फाटके पाहिली! घामाने माझा एक कोपरा उकलला. भाड्याचे घर गेले, आणि मालक व मालकीणबाई मेहुण्याच्या पुढच्या खोलीत राहू लागले. मेहुणा वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते. त्याची मुलगी बाळंतपणासाठी येणार होती. पंधरा दिवसांत खोली रिकामी हवी होती.

अशा समयी एका कापड रंगवण्याच्या कारखान्यातून बोलावणे आले. व्यवस्थापकांनी मालकांकडे पाहिले नाही, प्रमाणपत्राकडे पाहिले. उभ्या उभ्याच नेमणुकीचा कागद हाती दिला.

“मूळ प्रमाणपत्र भिंतीवर लावावं लागेल. सोमवारपासून, काय?”

कागद न वाचताच मालक वळले, आणि कोठूनही निघताना जसे म्हणत, तसेच म्हणाले, “बरं साहेब, येतो.”

व्यवस्थापकांनी वहीत खूण केली.

घरी मालकीणबाईंनी तो कागद ओळीखाली बोट धरून वाचला. तिसऱ्या कलमाशी बोट थांबले.

“अहो, ‘बॉयलर क्रमांक एक व दोन यांची संपूर्ण जबाबदारी’. दोन जवळजवळ आहेत का?”

“नाहीत. एक फाटकाशी, दुसरा पार मागच्या अंगाला. मधे अख्खं आवार.”

“मग तुम्ही एका वेळी दोन्हीकडे कसे असणार?”

मेहुणा आतून ओरडला, “भावोजी, साहेबाला ‘येतो’ म्हणून आलात ना? मग आता नव्या नवरीसारखे अडून काय बसता?”

“अरे, ते निघतानाचं ‘येतो’ होतं! माणसाच्या दारातून पाऊल काढताना ‘जातो’ म्हणू?”

“साहेबाच्या वहीत निरोपाचा रकाना नसतो, भावोजी.”

मालकीणबाई म्हणाल्या, “दादा, तू जरा गप. होकार तोंडी नसतो. इथं खाली लिहिलंय, ‘सर्व अटी मान्य’, आणि पुढं सहीची जागा कोरी आहे.”

मालकांनी त्या कोऱ्या जागेवर पेन टेकवले. तेथे शाईचा एक ठिपका उमटला.

“करतो सही. रस्त्यावर बसण्यापेक्षा बरं. तुला कळतंय का, दुसरं कुणी बोलावणार नाही मला!”

“कळतंय. पण त्या मागच्या बॉयलरपाशी जो उभा असेल, तोही कुणाच्या तरी घरचाच ना?”

मालकांनी पेन उचलले. मग त्यांनी निराळा कागद घेतला, तीन वेळा खोडला, आणि अखेरीस सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘आपण देऊ केलेल्या नोकरीबद्दल मनःपूर्वक आभारी आहे. बॉयलर क्रमांक एकची जबाबदारी मला मान्य आहे. क्रमांक दोनसाठी दुसरा प्रमाणपत्रधारक नेमावा, ही नम्र विनंती. तसे लेखी मिळाल्यास त्याच दिवशी रुजू होईन.’

शनिवारी व्यवस्थापकांनी ते वाचले.

“तुम्ही तर ‘येतो’ म्हणाला होतात. मी दुसऱ्या दोन उमेदवारांना परत पाठवलं.”

“माझी चूक झाली, साहेब. मी कागद वाचून बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या बॉयलरपाशी आज कोण असतं?”

“झाडूवाला बघतो अधूनमधून. आजवर काही झालंय का?”

“त्याला पाण्याची नळी वाचता येते?”

“तुम्हाला नोकरी हवी की परीक्षा घ्यायचीय? सही करा, नाहीतर फाईल उचला.”

मालकांचा हात माझ्यावर होता. मित्रांनो, त्यांनी मला जवळ ओढले. माझ्या नाडीची गाठ त्यांना दोनदा बांधावी लागली. व्यवस्थापकांनी त्या सुवाच्य पत्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ ओढली, ‘नेमणूक रद्द’ असे लिहिले आणि कागद परत सरकवला.

आज खोली रिकामी करण्याचा दिवस आहे. भांडी पोत्यात गेली आहेत. कोठे जायचे ते ठरलेले नाही. मेहुणा बहिणीच्या नजरेला नजर देत नाही. मघाशी मालक ते रेघ मारलेले पत्र फाडू लागले, तेव्हा मालकीणबाईंनी ते हातातून काढून घेतले, गुडघ्यावर ठेवून सरळ केले आणि माझ्या पोटात प्रमाणपत्राला लागून ठेवले.

“हे कशाला? हे बघून कोण काम देणार?”

“कुणाला दाखवायला नाही,” त्या म्हणाल्या. “राहू दे.”

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी टेबलाच्या पलीकडे बसेल. तेव्हा माझ्यासारखी फाईल काखेत धरून एखादा मनुष्य तुमच्यापुढे येईल. त्याला आधी बसायला सांगा. कागद हाती द्या आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचू द्या. त्याचे बोट एखाद्या ओळीवर थांबले, तर रागावू नका. ती ओळ तुम्हीही पुन्हा एकदा वाचा. माझे एवढेच मागणे आहे.