कार्ड वाढवू नका

आमच्या घरात काही बंद होत नसे. दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं, पंखासुद्धा वाढवायचा. 'बंद' हा शब्द अशुभ, असं माझ्या वडिलांचं, अप्पांचं, ठाम मत. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काढला, पण रात्री शटर ओढताना 'बंद करतो' असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. माझी थोरली बहीण याची भरपूर टिंगल करायची. "अप्पा, आता तोंड वाढवा," म्हणायची आणि पळायची. तिच्या लग्नानंतर भावजी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा अप्पा म्हणाले, "जावईबापू, गार वाटतंय, तेवढा पंखा वाढवा." भावजींनी बटण फिरवून पंखा भन्नाट सोडला. टेबलावरचे कागदी रुमाल खोलीभर उडाले आणि ताई हसून हसून जमिनीवरच बसली.

तीच ताई परदेशात इस्पितळात पडून होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. "लवकर या," भावजी फोनवर म्हणाले. "अप्पा कधी येतात, एवढंच विचारते."

दोन तिकिटांना कार्डाचं लिमिट पुरत नव्हतं. कार्ड अप्पांच्या नावावर. माझी नोकरी कालपरवाची, मला कोणती बँक दारात उभी करणार! मी लिमिट वाढवून मागितलं. बँकेतल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "आजच होईल. आम्ही फोन करू, तेव्हा तुमच्या वडिलांनी फक्त हो म्हणायचं."

निघताना मी अप्पांना सांगितलं, "बँकेचा फोन येईल. याच कार्डावर ताईकडे जायचं तिकीट निघणार आहे. नीट बोला."

"मला काय बोलायचं शिकवतेस?" ते म्हणाले. मी रजा मागायला ऑफिसात गेले.

दुपारी बँकेचा निरोप आला. कार्डधारकांनी स्पष्ट नकार दिला आहे, नवा अर्ज पुढच्या महिन्यात करता येईल. मी फोन करून विनवण्या केल्या. बाई म्हणाल्या, "त्यांचा नकार रेकॉर्ड झालाय हो. आता माझ्या हातात काही नाही."

घरी आले तर अप्पा ताईसाठी बनवलेल्या नव्या चष्म्याचे स्क्रू पिळत बसले होते. भिंतीशी त्यांची बॅग भरून तयार होती. त्या बॅगेकडे मी नीट बघायला हवं होतं.

"बँकेला नाही म्हणालात?"

"ठणकावून सांगितलं," ते मान वर न करता म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ऐकवलं, ते ठीक. पण पोटची पोर मरणाच्या दारात, आणि यांना कर्जाची धास्ती! तोंड उघडलं असतं तर नको ते बोलले असते, म्हणून तशीच बाहेर पडले. मग मैत्रिणी झाल्या, जुना साहेब झाला, ज्याचं तोंड बघायचं नाही असा चुलतभाऊही झाला. उसनवारी करत फिरले. घरी मात्र अप्पांशी कामापुरतंच. "निघालं का तिकीट?" ते रोज विचारत. "निघेल," मी म्हणे.

तिकिटं हातात पडली, त्याच सकाळी भावजींचा फोन आला. अप्पांनीच घेतला. शेजारी मला ऐकू येत होतं. "अप्पा, रात्री तिचं श्वासाचं मशीन बंद केलं."

"बंद नका हो म्हणू," अप्पा म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि बॅगेपाशी जाऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी बॅगेतून तो चष्मा काढला, पुसला, परत डबीत ठेवला. मग पाकिटातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"आता हे कशाला? वाढवून टाक."

"काय?"

"कार्ड गं. त्या दिवशी ती बँकेची मुलगी तेच विचारत होती. म्हणे, कार्डाचं लिमिट वाढवायचं ना? मी म्हटलं, मुळीच वाढवायचं नाही! पुन्हा पुन्हा विचारलं तिने, मी हटलो नाही. लेकीकडे जायचंय, आणि ही कार्ड वाढवायला निघाली."

बँकेच्या बाईला कळलं नाही, ते समजू शकते. पण मी याच घरात वाढले. ताईला तर पहिल्या शब्दाला कळलं असतं आणि ती हसत सुटली असती.

"मी अडवलं म्हणून तिकीट तरी निघालं," अप्पा म्हणाले. "हो ना?"

"हो, अप्पा. तुमच्यामुळेच निघालं."

"तिच्या नशिबात नव्हतं, बघ. आपण काही कमी केलं नाही."

"नाही, अप्पा," मी म्हटलं, आणि कार्ड वाढवायला बँकेचा नंबर फिरवला.