अकिलीसला नमस्कार

बॉनमध्ये एकोणीस वर्षं काढून स्वरूपानं जर्मनांकडून पुष्कळ काही उचललं होतं. रविवारी भिंतीत खिळासुद्धा न ठोकण्याची शिस्त, कचरा चार डब्यांत निवडून टाकण्याची सवय आणि शेजाऱ्याच्या सुखदुःखात नाक न खुपसण्याचा सभ्यपणा, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. सणाच्या दिवशी वाकायला घरात एकही वडीलधारं माणूस नाही, हे मात्र अंगवळणी पडलं नव्हतं. जयंत, तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. उरली ती आणि सतरा वर्षांचा वेद, ज्याला मराठी सगळं समजायचं आणि जो उत्तर जर्मनमध्ये द्यायचा.

त्या दसऱ्याला तिनं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन टेबलावर उभा केला आणि म्हणाली, "आजोबांना नमस्कार कर."

वेदनं फोनकडे बघितलं, मग आईकडे. "फोनला?" त्यानं जर्मनमध्ये विचारलं. "त्याला पाय कुठे आहेत?"

आजोबा हसले, स्वरूपा हसली नाही. तिनं अबोला धरला. दोघांच्याच घरात अबोला धरण्यासारखा वेडेपणा नाही, कारण मिटवायला तिसरं कुणी नसतं.

शेवटी रविवारी वेदनंच तह केला. शाळेत ग्रीक वीरांवर काहीतरी लिहून द्यायचं होतं, तर विद्यापीठाच्या संग्रहालयात चल, म्हणाला. तिथं जुन्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती ओळीनं उभ्या होत्या. हेक्टर, एजॅक्स, ओडिसियस, सगळे पांढरेफटक, कुणाला हात नाही तर कुणाला नाक नाही, आणि लग्नात पुढच्या पंगतीसाठी ताटकळलेल्या पाहुण्यांसारखे सगळे गप्प.

टोकाला अकिलीस होता. स्वरूपानं त्याची पाटी वाचली. याच्या आईनंच याला सांगून ठेवलं होतं, की तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. घरी राहिलास तर खूप जगशील आणि तुझं नाव कुणाला ठाऊक असणार नाही. ट्रॉयला लढायला गेलास तर नाव कायमचं राहील आणि तू लवकर मरशील.

"असलं कुठली आई पोराला सांगते?" ती पुटपुटली.

वेदनं मिस्कीलपणे तिच्याकडे पाहिलं. "याला पाय आहेत," तो म्हणाला आणि दोन्ही हात त्या पावलांवर ठेवून वाकला, अगदी तिनं लहानपणी शिकवलं होतं तसा.

तिला हसू आलं, रागही गेला. पण तो उठेना. थट्टेचा नमस्कार तो, किती वेळ चालायचा? त्याची मान किंचित कलली होती, हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं नीट ऐकू यावं म्हणून आपण कलवतो तशी. मग त्यानं दोनदा मान हलवली, "आल्झो गूट," बरं तर, असं म्हणाला आणि उठला. तिला वाटलं, आपल्यालाच म्हणाला.

त्यानंतर वेद शहाण्यासारखा वागू लागला. ही काही तक्रार करण्याची गोष्ट नव्हे, आणि करायची म्हटली तरी तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. त्यानं खोली आवरली. सायकल मित्राला दिली, कीबोर्ड शेजारच्या मुलीला. पुढच्या वर्षी कुठे प्रवेश घ्यायचा, असं विचारलं की तो नुसता हसायचा, लहान मुलाच्या प्रश्नाला मोठी माणसं हसतात तसा.

मार्चमध्ये ऱ्हाइन दुथडी भरून वाहत असताना एक लहान मुलगी काठावरून पडली आणि वेदनं कपड्यांसकट उडी मारली. त्या पाण्यात उतरलेला माणूस परत येत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तो मुलीला घेऊन पार पुलापलीकडे बाहेर आला. डॉक्टरांनी उलटसुलट तपासलं, अंगावर ओरखडा नव्हता. पेपरात फोटो आला. एकोणीस वर्षांत ज्यांनी जिन्यात मान वर केली नव्हती ते शेजारी केक घेऊन आले.

"हे नाव आता कुणी विसरणार नाही," खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली.

स्वरूपाला अकिलीसची पाटी आठवली. प्लास्टर ते प्लास्टर, ती स्वतःला समजावत राहिली. पण मन चिंती ते वैरी न चिंती. नमस्कार केला की आशीर्वाद मिळतो, आणि देणारा आपल्याजवळचंच देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याला स्वतःला म्हातारपण दिसलं नाही, तो दुसऱ्याला शतायुषी हो कुठल्या तोंडानं म्हणणार?

ती एकटीच संग्रहालयात गेली आणि त्या पावलांवर तिनं कपाळ टेकवलं. "पोराला दिलंत ते परत घ्या," ती म्हणाली. "हवं तर मला द्या." प्लास्टर गार होतं. बराच वेळ ती कान देऊन राहिली, पण तिच्याशी कुणी बोललं नाही.

मे महिन्यात वेदला अठरा पूर्ण झाली आणि त्या वयाच्या सगळ्या जर्मन मुलांना येतो तसा सैन्याचा फ्रागेबोगेन, म्हणजे प्रश्नांचा छापील फॉर्म, आला. भरती व्हायला आवडेल का, या प्रश्नापुढे त्यानं 'हो'वर खूण केली. ती रडली, ओरडली, जयंतची शपथ घातली. तो शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

निघायच्या सकाळी त्यानं बॅग दाराशी ठेवली आणि कुणी न सांगता तिच्या पावलांवर हात ठेवून वाकला. ती गडबडली. दोन्ही तळवे घाईघाईनं तिनं त्याच्या डोक्यावर दाबले; स्वतःजवळ शिल्लक असेल नसेल तेवढं सगळं आयुष्य तिला त्याच्यात ओतायचं होतं.

"औक्षवंत हो," ती म्हणाली. "शंभर वर्षं जग रे बाळा. खूप जग."

तो वाकलेलाच राहिला. मग खालूनच, स्वच्छ, घोटीव मराठीत, अगदी मायेनं म्हणाला,

"ते त्यांनीही देऊ केलं होतं, आई. मी दुसरं घेतलं."